देवदारी खोके आणि निजण्याची खोली : वेष्टनाच्या लाकडातून घडलेल्या गृहसामानाचा इतिहास

गृहसामानाचा इतिहास आजवर बहुतांशी शिल्लक राहिलेल्या वस्तूंवरून लिहिला गेला आहे. कोरीव पायांचा पलंग, शिसवी कपाट, हस्तिदंती जडावाची पेटी ह्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात, पुढे संग्रहालयात जातात आणि अभ्यासकास तेथे भेटतात. ज्या घरातील कपाट साबणाच्या खोक्याचे आणि खुर्ची पिठाच्या पिपाची होती, त्या घराचे सामान मात्र ऐपत येताच प्रथम चुलीत गेले. परिणामी, संख्येने कदाचित सर्वांत मोठा असलेला गृहसामानाचा एक वर्ग इतिहासग्रंथांत जवळजवळ अदृश्य आहे. त्याचा माग काढावयाचा तर गृहव्यवस्थेवरील उपदेशपर पुस्तके, छायाचित्रे, व्यापारी मालाच्या नोंदी आणि क्वचित एखाद्या खणाच्या आतील बाजूस शिल्लक राहिलेला छापील शिक्का ह्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पुन्हा वापरात आणलेल्या लाकडाचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एक, मोडलेल्या इमारतीचे वा जहाजाचे लाकूड. दुसरे, मालाच्या वेष्टनाचे लाकूड, म्हणजे पिपे, खोकी, पेट्या. पहिले जड, टिकाऊ आणि बहुधा किंमतवान असते. दुसरे हलके, ठिसूळ आणि फुकट किंवा फुकटासमान मिळणारे. येथे मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे, कारण काटकसरीच्या गृहसामानाचा जो उपदेश एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत व अन्यत्र झाला, त्याचा आधार हे दुसरे लाकूड होते. ह्या उपदेशात एक गृहीत नेहमी दडलेले असे : खोके हे टाकाऊ आहे आणि ते वापरणाऱ्याचा वेळ मोकळा आहे. हे गृहीत तपासून पाहिल्यावाचून ‘स्वस्त’ ह्या शब्दाचा अर्थ उलगडत नाही.

ह्या उपदेशाचा एक आरंभीचा नमुना अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग ह्याच्या १८५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण घरांवरील ग्रंथात सापडतो. साध्या कुटुंबाच्या घरासाठी पिपापासून करावयाची खुर्ची त्याने चित्रासह दिली आहे. पिपाच्या काही उभ्या पट्ट्या मध्यावर कापावयाच्या, राहिलेल्यांची पाठ करावयाची, आत बैठक ठोकून गादी भरावयाची आणि वरून छीट चढवावयाची. १८६९ मध्ये कॅथरीन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो ह्यांनी गृहव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिले, त्यातही साध्या खोक्यावर गादी व छीट घालून बैठक करण्याची रीत आली आहे. खोके पोकळ असल्याने आत सामानही ठेवता येते.

ह्या दोन्ही उदाहरणांत कापडाला मोठे स्थान आहे. खोके झाकावयाचे, त्याचे मूळ दिसू द्यावयाचे नाही, हा नियम. दोन खोकी उभी करून त्यांवर फळी टाकली आणि भोवती झालर सोडली की आरशाचे टेबल तयार होई. हीच रचना जरा बुटकी केली की हातपाय धुण्याच्या भांड्यांची घडवंची. खोक्यांचे सामान निजण्याच्या खोलीतच अधिक का शिरले, ह्याचेही उत्तर येथेच आहे. बैठकीच्या खोलीत पाहुणा येतो. तेथे अब्रूचा प्रश्न असतो. निजण्याच्या खोलीत घरच्या माणसांवाचून कोणी येत नाही. घरातील पैसा दिवाणखान्यावर खर्च व्हावा आणि काटकसर आतल्या खोलीने सोसावी, ही विभागणी बऱ्याच समाजांत आढळते, आणि अमेरिकन मध्यमवर्ग तिला अपवाद नव्हता.

वेष्टनाच्या लाकडाचा खरा पूर आणला तो घासलेटच्या व्यापाराने. १८६० नंतर अमेरिकन खनिज तेल जगभर जाऊ लागले. प्रारंभी ते पिपांतून जाई. परंतु पूर्वेकडील लांबच्या प्रवासासाठी पुढे निराळी पद्धत रूढ झाली. पाच अमेरिकन गॅलनांचा, म्हणजे सुमारे १९ लिटरांचा, चौकोनी पत्र्याचा डबा आणि असे दोन डबे मावतील एवढे पातळ फळ्यांचे खोके. ते भरून जहाजे मुंबई, कलकत्ता, शांघाय, सिडनी येथे येत. मराठीत ह्या तेलास मिळालेले ‘घासलेट’ हे नाव ‘गॅस-लाइट’ ह्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश होय. ‘देवदारी खोके’ हा शब्दप्रयोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. हिमालयातील देवदार वृक्षाशी त्याचा संबंध असतोच असे नाही. परदेशांतून येणाऱ्या पेट्यांच्या फिकट, मऊ, गाठीदार लाकडास सरसकट देवदार म्हणण्याची रूढी बाजारात पडली. एका वृक्षाचे नाव अशा रीतीने वेष्टनाच्या लाकडाचे सर्वनाम झाले.

तेल जळून गेले तरी एका खोक्यामागे दोन भक्कम डबे आणि सहा फळ्या घरात राहत. ऑस्ट्रेलियातील वसाहतवाल्यांनी ह्यातून जी खणांची कपाटे केली, त्यांची रचना चातुर्याची आहे. खोकी एकावर एक ठेवून सांगाडा करावयाचा, डबा उभा चिरून आडवा ठेवावयाचा व तोच खण म्हणून आत सरकवावयाचा. खोके डब्याच्या मापानेच केलेले असल्यामुळे खण नेमका बसे. सुताराच्या कामातील सर्वांत अवघड भाग, म्हणजे खणाचे सांधे व माप, तेलाच्या कारखान्याने आधीच करून दिला होता. १९३० नंतरच्या मंदीत ह्या प्रकाराला तेथे नवे चलन मिळाले. भारतात डब्याचा संसार अधिक दीर्घ ठरला : पाणी तापविणे, धान्य साठविणे, तुळशीचे रोप लावणे, छपरास ठिगळ मारणे. खोक्याचे लाकूड मात्र पुस्तकांची फडताळे, देवाचा कोनाडा, बसण्याचे ठोकळे अशा किरकोळ रूपांत विरून गेले.

टाकाऊ वस्तूला बाजार कसा ओळखतो, ह्याचा एक प्रसंग तेलाच्या इतिहासात नमूद आहे. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युअल ह्याने डबे व खोकी ह्यांचा खर्चच टाळण्याचे ठरविले. ‘म्यूरेक्स’ हे त्याचे तेलवाहू जहाज ऑगस्ट १८९२ मध्ये रशियन तेल सुट्या स्वरूपात टाक्यांत भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. गिऱ्हाइके स्वतःची भांडी घेऊन येतील आणि तेल स्वस्तात नेतील, असा त्याचा हिशेब होता. गिऱ्हाइके आली नाहीत. त्यांना तेलाइतकाच डबा हवा होता, कारण स्टँडर्ड ऑइलच्या निळ्या डब्यांच्या पत्र्यावर पूर्वेकडील कित्येक कारागिरांचा धंदा चाले. अखेर सॅम्युअलला पत्रा जहाजाने पाठवून तेथेच लाल रंगाचे डबे तयार करवावे लागले. युरोपीय व्यापाऱ्याच्या वहीत जो डबा निव्वळ खर्च होता, तो गिऱ्हाइकाच्या वहीत मालाचा निम्मा भाग होता. टाकाऊपणा हा वस्तूचा गुण नसून तो हिशेब कोण मांडतो ह्यावर अवलंबून असतो, हे ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच मिळेल. येथेच खोक्याच्या अस्ताचीही सुरुवात आहे : डबा टिकला, कारण गिऱ्हाइकाने तो मागितला; जहाजावरील लांबच्या प्रवासासाठी लागणारे लाकडी खोके मात्र सुट्या तेलाच्या वाहतुकीबरोबर हळूहळू अनावश्यक होत गेले.

खोक्यांच्या सामानास शास्त्राचे रूप देण्याचा मान लुईझ ब्रिगहॅम (१८७५–१९५६) हिच्याकडे जातो. मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेली ही शिक्षिका गरीब वस्त्यांतील सेवाकेंद्रांत काम करीत असे. ध्रुवप्रदेशातील स्पिट्सबर्गन बेटावर अमेरिकन कंपनीची कोळशाची खाण १९०६ च्या सुमारास सुरू झाली होती. तेथे तिने दोन उन्हाळे काढले. त्या बेटावर झाड म्हणून उगवत नाही. हाताशी असलेले लाकूड बहुतांशी जहाजातून आलेल्या शिधासामग्रीच्या पेट्यांचे. त्या पेट्यांपासून तिने राहत्या घराचे सामान तयार केले, आणि १९०९ साली न्यूयॉर्कच्या सेंच्युरी कंपनीने तिचे ‘बॉक्स फर्निचर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. घरास उपयोगी अशा शंभर वस्तू खोक्यांपासून कशा कराव्यात, हे त्यात आकृत्यांसह सांगितले आहे.

बीचर भगिनी आणि ब्रिगहॅम ह्यांच्यातील अंतर चाळीस वर्षांचे असले तरी दृष्टीचे अंतर त्याहून मोठे आहे. ब्रिगहॅमने झालर काढून टाकली. तिच्या आकृत्यांतील टेबले व कपाटे सरळ उभ्याआडव्या पट्ट्यांची, चौकोनी मोकळ्या जागांची आहेत; व्हिएन्ना व ग्लासगो येथील त्या वेळच्या नव्या गृहरचनेशी त्यांचे साम्य सहज दिसते. खोक्याची फळी आखूड असते हा दोष तिने रचनेचा नियम करून टाकला. लाकूड लपवावयाचे नाही, त्याला रंग द्यावयाचा आणि एका खोलीतील सर्व वस्तूंत एकच मेळ साधावयाचा, ही तिची भूमिका. गरिबाच्या घरासही शैली असू शकते, हे म्हणणे त्या काळी लहान नव्हते. ह्या दृष्टीने ते पुस्तक केवळ काटकसरीचे म्हणून बाजूला सारणे हा त्याच्यावर अन्याय होय.

तथापि खोक्याच्या लाकडाची एक मर्यादा ब्रिगहॅमलाही ओलांडता येण्याजोगी नव्हती, आणि ती निजण्याच्या खोलीतच सर्वांत तीव्रतेने जाणवते. घासलेटच्या खोक्याची फळी लांबीला सुमारे २० इंच. साबणाच्या वा कापडाच्या पेटीची काहीशी अधिक. पलंगाच्या बाजूच्या पट्टीस मात्र सहा फुटांहून अधिक लांब, सलग आणि माणसाचे वजन झेलणारे लाकूड लागते. आखूड तुकडे जोडून ती पट्टी करता येत नाही. सांध्याच्या ठिकाणी ती वाकते. म्हणून खोक्यांतून आरशाचे टेबल होई, कपाट होई, उशाजवळचे स्टूल होई, बाळाचा पाळणाही होई. पण ज्या वस्तूवरून खोलीला नाव मिळाले ती होत नसे. खोकी ओळीने पालथी घालून वर गादी टाकणे हा एक मार्ग होता, परंतु तो बैठकीचा ओटा झाला, पलंग नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या रानातील माणूस दोन लांब वासे व धान्याच्या गोणपाटावर निभावून नेई, शहरातील मजूर लोखंडी खाट विकत घेई. खोक्यांनी सजलेल्या खोलीत रोख पैसे मोजून आणलेली मोठी वस्तू बहुधा हीच एक असे.

आता वेळेचा प्रश्न. खोके वापरण्याजोगे करणे म्हणजे आधी ते न चिरता उकलणे. पातळ फळी पक्कडीच्या एका झटक्यानेही खिळ्याच्या रेषेत फाटते. खिळे एकेक काढून सरळ करावयाचे, शिक्के रंध्याने घासावयाचे, फळ्या जाडीप्रमाणे निवडावयाच्या. सुतारकामास ह्यानंतर आरंभ. ज्याच्याजवळ अवजारे आहेत आणि ज्याची संध्याकाळ मोकळी आहे त्यालाच हे परवडते. न्यूयॉर्कच्या ज्या भाड्याच्या खोल्यांत हा उपदेश पोहोचवावयाचा होता, तेथील संध्याकाळ मोकळी नव्हती. जेकब रीस ह्याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्या खोल्यांतील जीवन नोंदले आहे : विड्या वळणे, कपडे शिवणे ही कामे नगावर घेऊन सारे कुटुंब रात्रीपर्यंत राबत असे. अशा घरात एका कपाटासाठी घातलेले दहा तास म्हणजे दहा तासांची बुडालेली मजुरी होय. विकतच्या कपाटाची किंमत आणि ही मजुरी ह्यांचा ताळा सुधारकांच्या हिशेबात फारसा मांडलेला आढळत नाही.

खोके फुकट होते हेही सर्वस्वी खरे नव्हे. ल्यूइस हाइन ह्याच्या छायाचित्रांत मोडक्या खोक्यांचे व फळ्यांचे ओझे घरी नेणारी मुले दिसतात. ती फर्निचरासाठी नव्हे, जळणासाठी. म्हणजे रस्त्यावरचे खोके कोणाचेच नव्हते असे नाही. त्यावर चुलीचा हक्क आधीच लागलेला होता. हिवाळ्यात एका कुटुंबाने त्याचे कपाट करावे की त्यावर खोली ऊबदार करावी, ह्या निवडीत काटकसरीचा उपदेश तोकडा पडतो.

ब्रिगहॅमला ह्या अडचणींची जाण नसावी असे मानण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये तिने काटकसरीच्या गृहकलेसाठी एक संस्था काढली व ग्रेसी मॅन्शन ह्या त्या वेळी शहराच्या ताब्यात असलेल्या जुन्या वास्तूत मुलांना हे काम शिकविले. अवजारे व जागा संस्थेची, शिकणारी मुले वस्तीतली. म्हणजे मजुरीचा प्रश्न शिक्षणाच्या सदरात घालून तिने तो काहीसा हलका केला. पुढे, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तिने कापून तयार केलेले भाग टपालाने पाठविण्याचा व्यवसायही काढला. घरी ते भाग जोडले की वस्तू तयार. सुट्या भागांच्या फर्निचराच्या इतिहासात ह्या व्यवसायाचा उल्लेख होतो, आणि तो रास्त आहे. मात्र ज्या क्षणी भाग कारखान्यात नव्या लाकडातून कापले गेले, त्या क्षणी खोके अंतर्धान पावले. उरली ती खोक्याची शैली.

हाच क्रम पुढेही दिसतो. डच वास्तुशिल्पी खेरिट रीटफेल्ट ह्याने १९३४ मध्ये पेटीच्या फळ्यांच्या धर्तीवर खुर्ची-टेबलांची एक मालिका आखली आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या मेट्झ ह्या दुकानाने ती सुट्या भागांत विकली. लाकूड पेटीच्या प्रतीचे होते, पण पेटीतून काढलेले नव्हते. इटलीच्या एन्झो मारी ह्याने १९७४ मध्ये साध्या फळ्या व खिळे ह्यांनी करावयाच्या १९ वस्तूंच्या आकृत्या केवळ टपालखर्चात कोणासही पाठविण्याचे जाहीर केले. त्यात पलंगही होता, कारण त्याच्या फळ्या बाजारातून लांब मिळत होत्या. कारखानदार व व्यापारी ह्यांना त्या आकृत्यांवरून माल काढण्याची मनाई त्याने केली. खरेदी करणाऱ्याने वस्तू स्वतः करून पाहिल्यास त्याला वस्तूची परीक्षा येईल, हा त्याचा हेतू होता. त्यात काटकसर गौण होती.

खोक्यांच्या सामानाचा शेवट गृहिणींच्या अभिरुचीने झाला नाही, तो मालवाहतुकीच्या दरपत्रकाने झाला. पन्हळी कागदाचे अमेरिकन पेटंट १८७१ चे. आरंभी तो बाटल्यांभोवती गुंडाळण्यासाठी होता. पुढे त्याची खोकी झाली, परंतु पुठ्ठ्यात भरलेल्या मालावर रेल्वेकंपन्या जादा भाडे आकारीत. १९१४ साली प्रिडहॅम खटल्यात अमेरिकेच्या आंतरराज्य व्यापार आयोगाने हा भेद गैरवाजवी ठरविला. त्यानंतर लाकडी खोक्याचा ऱ्हास अटळ होता. ब्रिगहॅमच्या पुस्तकास तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. तिची शंभर कृत्ये ज्या कच्च्या मालावर उभी होती, तो कच्चा मालच बाजारातून निघून चालला. कोकणातही हा बदल झाला, पण फार उशिरा. हापूस आता बहुधा पुठ्ठ्यात येतो, तरी भाव अजून ‘पेटी’चाच सांगितला जातो.

उपदेशाने नव्हे तर सक्तीने घडलेल्या सामानाचे एक प्रकरण येथे सविस्तर पाहिले पाहिजे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकन अध्यक्षांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या हुकमानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उठवून दहा छावण्यांत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हाती धरता येईल तेवढेच सामान नेण्याची मुभा होती. कॅलिफोर्नियातील मान्झनार छावणीत आठ माणसांमागे सुमारे २० फूट बाय २५ फुटांची एक खोली मिळे. आत लष्करी खाटा, पेंढा भरलेल्या गाद्या, ब्लँकेटे, एक शेगडी आणि छताला टांगलेला एक दिवा. टेबल नाही, खुर्ची नाही, कपाट नाही. ओल्या लाकडाने घाईघाईत बांधलेल्या भिंतींच्या फळ्या वाळून आक्रसल्या आणि फटींतून वाळवंटातील धूळ आत येऊ लागली. फळ्यांच्या गाठी गळून पडलेली भोके लोकांनी डबाबंद अन्नाच्या डब्यांची झाकणे ठोकून बुजविली.

बांधकामातून उरलेल्या तुकड्यांचे ढीग छावणीत पडलेले होते. काही ठिकाणी त्यांवर पहारा असे. लोक अंधारात जाऊन फळ्या आणीत. त्यांतून टेबले, बाके, खणांची कपाटे, कपडे टांगण्याच्या चौकटी तयार झाल्या. खाट मात्र बदलली नाही. लष्करी खाट प्रत्येकाला दिलेलीच होती, आणि तुकड्यांतून दुसरी होण्याजोगी नव्हती. ह्या सामानात पहिले स्थान कशाला मिळाले हे पाहण्यासारखे आहे. पडदे आणि आडभिंती. आईबाप, वाढत्या मुली, म्हातारे आजोबा, क्वचित परके कुटुंब, सर्व एकाच खोलीत. ब्लँकेट टांगून वा फळ्या उभ्या करून जो कोपरा वेगळा काढला, तीच त्यांची निजण्याची खोली. येथे वाचविलेल्या पैशाचा प्रश्नच उद्भवत नाही. जे वाचविले ते निराळे होते, आणि काटकसरीच्या पुस्तकांतील कोणत्याही कोष्टकात ते बसत नाही. अ‍ॅलन ईटन ह्याने ह्या छावण्यांतील कलावस्तूंवर १९५२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणून त्यांची नोंद तरी राहिली.

आयडाहोमधील मिनिडोका छावणीत जॉर्ज नाकाशिमा हा तरुण वास्तुशिल्पी पत्नी व तान्ह्या मुलीसह होता. तेथे गेंतारो हिकोगावा ह्या जपानी पद्धतीच्या निष्णात सुताराकडून तो अवजारे व सांधे शिकला. सामग्री म्हणजे टाकलेले लाकूड आणि वाळवंटातील झुडुपे. १९४३ मध्ये अँटोनिन रेमंड ह्या आपल्या पूर्वीच्या वरिष्ठाच्या हमीवर तो सुटला. ह्याच रेमंडच्या कचेरीतर्फे त्याने काही वर्षांपूर्वी पाँडिचेरी येथील ‘गोलकोंड’ ह्या वसतिगृहाच्या बांधकामावर देखरेख केली होती आणि तेथील खोल्यांसाठी सागवानी सामानाची आखणीही केली होती. पाँडिचेरीचे सागवान आणि मिनिडोकाचे तुकडे ह्यांमध्ये अवघी काही वर्षे होती. नाकाशिमाची पुढील कीर्ती फळीच्या नैसर्गिक कडा व चिरा तशाच ठेवण्याबद्दल आहे. छावणीतील निकड ही त्या दृष्टीचे एकमेव कारण म्हणता येणार नाही, पण दोषयुक्त लाकूड टाकून न देण्याची सवय तेथे पक्की झाली असणे संभवनीय आहे.

पहिल्या प्रकारच्या, म्हणजे मोडलेल्या इमारतींच्या लाकडाची गती ह्याच्या नेमकी उलट आहे, आणि त्यासाठी मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे. जुन्या चाळींचे खांब व तुळया बहुधा सागवानी असत, आणि त्यांत ब्रह्मदेशाच्या सागवानाचा मोठा वाटा होता. १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ह्या व्यापारात अग्रेसर होती. १८८५ चे युद्ध जुंपण्यास निमित्त झाले ते ह्याच कंपनीवर मंडालेच्या दरबाराने बसविलेल्या दंडाचे. त्या युद्धात राज्य गेलेला थिबा राजा रत्नागिरीस आणला गेला व १९१६ मध्ये तेथेच वारला. गिरणगावातील कामगार ज्या तुळईखाली निजे, तिचा इतिहास असा दूरवर पोहोचतो.

त्या कामगाराच्या खोलीत ‘निजण्याची खोली’ अशी निराळी नव्हतीच. दिवसा जेथे स्वयंपाक व बैठक, तेथेच रात्री अंथरुणे पडत. सकाळी वळकट्या कोपऱ्यात जात. एखादी लोखंडी खाट असली तर ती वडीलधाऱ्या माणसासाठी, आणि तिच्याखाली ट्रंका. शयनगृह ही तेथे जागा नव्हती, तो दिवसाचा एक प्रहर होता. अशा घरात देवदारी खोके आले तर ते भिंतीवर चढे. जमिनीवर त्याला ठाव नसे.

चाळ पाडली जाते तेव्हा तिचे लाकूड टाकाऊ ठरत नाही. शंभर वर्षे वाळलेले सागवान आक्रसत नाही, वाकत नाही. नव्या लाकडाहून ते सुतारास अधिक विश्वासाचे वाटते. पाडकामाचा ठेकेदार ते आपल्या हिशेबात धरूनच बोली लावतो, आणि वखारीतून ते पुन्हा पलंग व कपाटे होऊन महाग घरांत जाते. येथे पलंगाची पट्टी करण्यास लागणारी लांबी आहे, बळ आहे; नाही ती स्वस्ताई. जो माणूस त्या तुळईखाली जन्मभर निजला, त्याला तिचा पलंग परवडत नाही. जुने लाकूड गरिबाच्या उपयोगी पडते ते केवळ त्याला बाजारभाव नसेपर्यंत.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी मालाची चढउतार यंत्राने करण्यासाठी लाकडी पॅलेटांचा प्रसार झाला आणि वेष्टनाचे लाकूड निराळ्या आकारात पुन्हा मुबलक झाले. अमेरिकेतील रूढ पॅलेट ४८ इंच बाय ४० इंचांचे असते. अशी दोन शेजारी ठेवली असता ८० इंच लांब व ४८ इंच रुंद असा सलग चौथरा मिळतो. म्हणजे एका माणसाच्या गादीस पुरेसा पलंग. खोक्याच्या लाकडास जे शंभर वर्षे साधले नाही ते पॅलेटने न कापता, न जोडता साधले. पॅलेटांच्या सामानात पलंग इतका लोकप्रिय का झाला, ह्याचे कारण अभिरुचीत शोधण्यापूर्वी ह्या मापात शोधावे.

ह्या लाकडाची निवड मात्र डोळसपणे करावी लागते. लाकडाबरोबर परदेशी कीड पसरू नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्यानुसार परदेशी जाणाऱ्या पॅलेटचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानास सलग किमान ३० मिनिटे ठेवावे लागते किंवा मिथिल ब्रोमाइड ह्या विषारी वायूने धुरावे लागते. पहिल्या उपचाराचा शिक्का ‘एचटी’, दुसऱ्याचा ‘एमबी’. शेजारी देशाची दोन अक्षरे व प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक असतो. युरोपीय संघाने २०१० मध्ये मिथिल ब्रोमाइडचा वापर थांबविला. निजण्याच्या खोलीसाठी ‘एमबी’ शिक्क्याचे लाकूड टाळलेले बरे. ‘एचटी’ शिक्काही एवढेच सांगतो की कीड मारली. त्या पॅलेटवर वाटेत काय सांडले, हे तो सांगत नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने हा शिक्का घासलेटच्या खोक्यावरील छापील नावाचा वारसदार आहे. वस्तू कोठून आली आणि कोणत्या काळातील, हे दोहोंवरून ठरविता येते. म्हणून अशी एखादी वस्तू संग्रहालयात आल्यास ती स्वच्छ करताना फळीची आतली बाजू घासू नये.

शिवाय सर्वच पॅलेटे बेवारस नसतात. ऑस्ट्रेलियात महायुद्धानंतर सरकारी मालहाताळणीच्या साधनांतून उभी राहिलेली ‘चेप’ ही संस्था आपली निळी पॅलेटे विकत नाही, भाड्याने देते. दुकानामागे ती महिनोन्‌महिने पावसात भिजत पडलेली दिसली तरी त्यांची मालकी संस्थेचीच राहते, आणि ती कापून पलंग करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याची मालमत्ता कापीत असतो.